मधुसूदनरावांच्या शर्टाआडचा कमरपट्टा

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे. लग्नात मिरवतात तो सोन्याचा नव्हे हं! औषधांच्या दुकानात मिळतो तो, करड्या कापडाचा, आत पोलादी पट्ट्या असलेला.

माझे मालक मधुसूदनराव झाशीतल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि रविवारी छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर तिशीतल्या पोरांसारखा फटका मारायचा, हा त्यांचा हट्ट. बसून बसून त्यांचे खुबे आखडले होते. ते वळत नसत, म्हणून बिचारी कंबरच पिळवटून निघे. दुखू लागलं की ते मला शर्टाच्या आत आणखी आवळत. "काय मस्त आधार आहे!" असं म्हणत. मी फुगून जाई. खरं तर मी दुखणं बरं करत नव्हतो, नुसतं झाकत होतो.

त्या रविवारी स्पर्धा होती. तिसऱ्या होलपासूनच माझ्याखालचे स्नायू लाकडासारखे ताठ झाले. शेवटच्या होलवर मधुसूदनराव झाडामागे गेले आणि त्यांनी मला श्वास अडकेपर्यंत आवळलं. खेळ बघायला आलेल्या त्यांच्या बायकोने, रेवतीताईंनी, ते पाहिलं.

"अहो, पुरे आता. घरी चला."

"एकच फटका गं."

"सर, रहने दीजिए न," सोबत खेळणारा सिद्धार्थही म्हणाला.

त्यांनी काठी मागे नेली. नका हो वळू, असं मी जीव तोडून म्हणत होतो, पण पट्ट्याचं कोण ऐकतो? काठी फिरली, चेंडू उडाला आणि मधुसूदनराव गुडघ्यांवर कोसळले. डावा पाय बधिर झाला होता.

रेवतीताईंनी त्यांचा बूट काढला. "बोटं हलवा."

बोटं हलेनात.

"हलवा हो!"

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. बऱ्याच वेळाने अंगठा जरासा हलला, आणि रेवतीताई तिथेच गवतात बसून रडल्या.

मग दवाखाना झाला, चार महिने व्यायाम झाला. खुबे मोकळे करायचे, पाठ हळूहळू वळवायची. व्यायाम शिकवणाऱ्या सुनीताजींनी मला दोन बोटांत उचललं. "इसके भरोसे खेल रहे थे आप?" त्या म्हणाल्या. त्याच दिवशी मी कपाटात गेलो.

आज ते पुन्हा मैदानावर निघाले. जाता जाता त्यांनी कपाट उघडून मला कमरेशी धरलं. मी घाबरलो.

"दुखतंय का?" रेवतीताईंनी विचारलं.

"नाही. भीती वाटते."

"मग तसं सांगा ना! हळू खेळा. मी येते सोबत."

मधुसूदनरावांनी घडी करून मला परत ठेवून दिलं.

मित्रांनो, डॉक्टरांनी सांगितलं तर मला जरूर बांधा. पण दुखणं लपवायला बांधू नका. दुखलं की आपल्या माणसाला सांगा. माझं काय, मी इथे धूळ खात पडलो तरी चालेल. मला आणखी वर्षानुवर्षं कोणी शोधू नये, एवढीच माझी इच्छा आहे.