वीस टाके जास्त

मित्रांनो, मी एक जुना स्वेटर आहे, आणि मला अंगात घातलेल्या लेकीचा फोटो आईला शेवटपर्यंत बघायला मिळाला नाही. असो. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरू आणि रीतसर सुरुवात करू.

माझा जन्म एका आईच्या मांडीवर झाला. रंग विटकरी, डाव्या खांद्यावर एक टाका निसटलेला. आईची धाकटी लेक परदेशात एका सामुदायिक शेतावर राहून काम करत होती. तिथे चाळीस माणसं एकाच स्वयंपाकघरात जेवत आणि एकाच घंटेला उठत. धाकटीला ना ते जेवण मानवलं, ना ती घंटा. वाळून काडी झाली बिचारी. पण पत्रात लिहिलं, ‘आई, इथलं दूधलोणी अंगी लागलंय. मी नुसता भोपळा झालेय.’ आईने लगेच वीस टाके जास्त घातले.

पार्सलात आईची चिठ्ठी होती : ‘बाळे, नाताळला घाल आणि फोटो पाठव. बसला का ते मला बघायचंय. मी ठणठणीत आहे.’ त्याखाली भावाने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘ठणठणीत नाहीये. फोटो लवकर पाठव.’ खोटं लिहिण्यात मायलेकी एका वळणाच्या होत्या.

आता त्या शेताचा एक नियम होता. जे येईल ते सगळ्यांचं. कपडे कपडेखोलीत जमा व्हायचे आणि ज्याला बसतील त्याला मिळायचे. कपडेखोली सांभाळणाऱ्या मावशींनी मला टेप लावली, वहीत ‘क्रमांक सत्तेचाळीस, अतिमोठा’ असं लिहिलं आणि गोठा सांभाळणाऱ्या ढोल्याला देऊन टाकलं. ढोल्या नावाप्रमाणेच होता. मी त्याला असा बसलो, जणू आईने त्याच्यासाठीच उपासतापास केले होते.

धाकटी रोज दूध न्यायला यायची आणि आईचा स्वेटर गाय धुताना बघायची.

“अगं, घे की फोटोपुरता,” ढोल्या म्हणायचा. “मी काय चावतोय त्याला?”

मावशी मात्र बधेनात. “आज हिला आईचा स्वेटर, उद्या त्याला बापाचे बूट. मग याला सामुदायिक शेत कशाला म्हणायचं? धर्मशाळा म्हणा.”

प्रकरण बैठकीत गेलं. आधी बदकांच्या तळ्यावर दोन तास चर्चा झाली, मग माझा नंबर लागला. अखेर एकोणीस विरुद्ध सोळा मतांनी, पाच जण झोपलेले असताना, मंजुरी मिळाली : नाताळच्या दुपारी बारा ते एक, फोटोसाठी. धाकटीने त्याच संध्याकाळी कपड्यांच्या आत उशी घालून आरशात बघितलं. भोपळा दिसायला हवा ना.

नाताळच्या सकाळी गाय अडली. बाहेर पाणी गोठलेलं. वासरू बाहेर आलं ते निपचित. ढोल्याने मागचापुढचा विचार केला नाही. मला अंगातून ओढून काढलं आणि वासराला गुंडाळलं. तोवर मी कुणाला इतकं घट्ट धरलं नव्हतं. अर्ध्या तासाने ते शिंकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं एवढं कौतुक आयुष्यात पुन्हा झालं नाही.

बाराच्या ठोक्याला ढोल्या बनियनवर जेवणघराच्या दारात उभा. मागे झाडावर दिवे लुकलुकत होते. “धाकटे, मेलं असतं गं ते. काय करू?”

धाकटी उशी कुशीत धरून उभी होती. तिने उशी बाकावर ठेवली. मग म्हणाली, “बसला का त्याला?”

“अगदी मापात,” ढोल्या म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस रडायला लागला.

मावशींनाही वाईट वाटलं असावं. त्यांनी मला स्वतः धुतलं. प्रेमाच्या भरात उकळत्या पाण्यात. मी आटून निम्मा झालो. ढोल्याचा हात कोपरापुढे जाईना. मावशींनी टेप लावली, वहीत ‘अतिमोठा’ खोडून ‘लहान’ लिहिलं, आणि नियमाप्रमाणे, कुठल्याही बैठकीशिवाय, मी धाकटीला मिळालो. मी तिला नेमका बसलो. उशी लागलीच नाही. शेतावरच्या सुताराने फोटो काढला. सोबत तिने लिहिलं, ‘आई, मी जाड झाले नव्हते. खोटं लिहिलं. पण बघ, बसला.’

हे टपालात पडलं आणि चार दिवसांनी भावाचं पत्र आलं. आई नाताळच्या दुसऱ्या दिवशी गेली होती. शेवटपर्यंत तिला एकच घोर होता : ‘टाके कमी तर नाही ना पडले माझ्याकडून? पोरीला आवळत असेल रे.’

धाकटी त्या वसंतात घरी परतली. “घेऊन जा,” मावशी म्हणाल्या, नियमाविरुद्ध. “आता कुणाला घालून दाखवू?” ती म्हणाली. माझ्या दोन्ही बाह्या आत दुमडल्या आणि गेली.

तेव्हापासून मी फळीवर आहे. मी कुणालाच बसत नाही.

मित्रांनो, लोकर कोमट पाण्यात धुवावी. आईला पत्रात आपलं खरं माप कळवावं. बाकी मला तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही. शेताच्या वस्त्र समितीला मात्र आहे :

मा. वस्त्र समिती यांस, क्रमांक सत्तेचाळीसचा सविनय अर्ज. सदर स्वेटर लेकीस आवळत नव्हता, ही बाब मूळ विणणाऱ्या व्यक्तीस अद्याप कळवण्यात आलेली नाही. तरी सदर व्यक्तीस समक्ष पाचारण करून, लेकीच्या अंगावर माझे माप त्यांच्या हाताने तपासून घेण्यात यावे, ही नम्र विनंती.