उरलेल्या गोळ्यांचा डबा

उरलेल्या गोळ्यांचा एक डबा तुमच्याही घरात असेलच, मंडळी. खोटं कशाला बोलायचं!

मिरकरवाड्यातल्या झुबेदाभाभींचा डबा मात्र साऱ्या मोहल्ल्याचा होता. मुलगा इद्रीस कुवेतहून डबाभर चॉकलेटं आणी. ती संपली की डब्यात गोळ्या जात. घरात ताप उतरला की औषध बंद, उरलेली स्ट्रिप डब्यात. शेजारी कुणाचं अंग तापलं की भाभी दोन-चार गोळ्या घेऊन दारात हजर. "महागाची औषधं, फेकायची कशाला?" बाईचं मन मोठं, यात शंका नाही. पण नुसत्या मोठ्या मनाने भागत नाही.

यंदा त्यांची नात नबीला तापली. डब्यातल्या तीन गोळ्या दिल्या, ताप उतरला. आठवड्याने पुन्हा ताप, पुन्हा तीन गोळ्या. तिसऱ्यांदा मात्र ताप हटेना. इस्पितळात टायफॉइड निघाला. तिथल्या गोळ्या पाच दिवस झाल्या तरी ताप एकशेतीनच. पोर पाणीही मागेनाशी झाली.

रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टर तेजस्वी खाटेजवळ आल्या. "चाची, हिच्या जंतूंवर नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. आधी घरी काही दिलं होतंत?"

"दिल्या ना, पण तीन-तीनच! जास्त औषध वाईट म्हणून."

"तिथंच चुकलं. अर्धवट औषधाने चिवट जंतू मरत नाहीत, मागे उरतात आणि वाढतात. मग पाण्यातून, खाण्यातून दुसऱ्याच्या घरी जातात. हिला ते कुठून आले, मला सांगता येणार नाही. पण वाढतात ते असेच. आता इंजेक्शन देते, ते लागू पडेलसं दिसतंय. पण उशीर झालाय, आतड्याला इजा होण्याची भीती आहे."

भाभी नबीलाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवू लागल्या.

तेवढ्यात शेजारची सखू धापा टाकत आली. पदराच्या गाठीतून तिने अर्धी स्ट्रिप काढली. "भाभी, गेल्या वर्षी माझ्या रितेशला तुमीच दिलेलात. त्याने दोन घेतल्यान नि बरा झाला. उरलेल्या दोन मी जपून ठेवल्या. नबीलाला द्या!"

तीच गोळी! या अल्लाह, किती घरांत पोचवली मी ही! भाभींना रडू आवरेना.

चौथ्या इंजेक्शनानंतर ताप उतरू लागला. नबीलाने पेज मागितली. "आता घरी नेऊया ना?" सून तस्नीमने विचारलं.

"डॉक्टरीणबाईंनी चौदा दिवस सांगितलेत," भाभी कडाडल्या. "एक दिवस कमी चालायचा नाही!"

आणि तोच डबा घेऊन त्या दारोदार फिरल्या, दिलेल्या गोळ्या परत मागत. नष्ट करण्यासाठी इस्पितळात नेऊन द्यायच्या होत्या. म्हातारा दादू ओट्यावरून हसला, "भाभी, दिलेलं परत मागायला लाज नाही वाटत?"

"वाटते रे. देताना वाटायला हवी होती."

मंडळी, डॉक्टरांनी न सांगितलेली गोळी घेऊ नका, सांगितलेली अर्ध्यावर सोडू नका, आणि उरलेली शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नका. आज घरी गेलात की आधी तुमचा डबा उघडा.