बानाबाईची पिवळी पोथी

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. पण पुस्तक की पोथी, हा माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. अमेरिकेतल्या एका काळ्या बाईनं आपल्या लढ्याची, तुरुंगाची हकिकत लिहिली. तिचं मराठी रूप म्हणजे मी. शहरात, औरंगपुऱ्यातल्या दुकानातून कॉलेजात शिकणाऱ्या प्रांजली नावाच्या मुलीनं मला हौसेनं घेतलं आणि चितेगावच्या शिवारात, आपल्या मेंढपाळांच्या वस्तीवर आणलं.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या वर्षीची ही गोष्ट. वस्तीची विहीर आटली होती, मेंढरं मान टाकून पडलेली असायची. दुपारी बाभळीखाली प्रांजली मला मोठ्यानं वाचू लागली, तशी तिची आजी बानाबाई जवळ आली आणि तिनं माझ्यावर चिमूटभर भंडारा टाकला. मी बावरलो. माझी लेखिका देवाधर्माच्या वाटेला न जाणारी, आणि मी हळदीनं पिवळा.

बानाबाईला वाटलं, नातीनं पोथी लावली आहे. लावलेली पोथी वस्तीवर कुणी अर्धवट सोडत नाही. म्हणून ती रोज तोंडावर ओला हात फिरवून, चपला लांब काढून ऐकायला बसायची. माझ्यातली बाई तुरुंगात गेली, तेव्हा म्हातारी हळहळली, "मंग तिची मेंढरं कोण राखतंय गं?" हसावं की रडावं, मला कळेना. पण इतक्या जिवाभावानं मला कुणी ऐकलं नव्हतं, आणि ते मला फार आवडलं.

शेवटचं पान संपलं. बानाबाईनं विचारलं, "व्रत काय सांगितलंय?"

"आज्जी, हिच्यात व्रत नाय. हक्काचं मिळंना म्हणून त्या बाया रस्त्यावर बसल्या. उठल्याच नायत."

"मंग तेच की व्रत. आपुन बी बसायचं."

पैठण रस्त्यानं शहरातल्या नव्या वसाहतींकडे रोज टँकर जायचे. वस्तीकडे एकही वळत नव्हता. दुसऱ्या सकाळी बानाबाई मेंढरं घेऊन त्या रस्त्यावर बसली. मी तिच्या मांडीवर होतो. पोथीच्या उद्यापनाचं बोलावणं म्हणून वस्तीतल्या सगळ्या बायाही आल्या.

"आजी, उठा की. साहेब मला बोलतील," टँकरवाला काकुळतीला आला.

"उद्यापन हाय बाबा. मेंढरं पाणी प्याल्याबिगर उठता येत नाय."

उन्हं कलली, तेव्हा टँकर वस्तीकडे वळला. मेंढरांनी हौदात तोंडं घातली. हे माझ्यामुळे झालं की हळदीमुळे, मला आजही ठरवता येत नाही.

आता बानाबाई नाही. प्रांजली नोकरीसाठी बजाजनगरला राहते. चरायच्या माळावर प्लॉट पडले आहेत. मी मात्र लाल फडक्यात बांधलेला, देव्हाऱ्यात आहे. यंदा पुन्हा टँकर येईना, तेव्हा बाया माझ्यापुढे आल्या. मला वाटलं, आता गाठ सुटेल. त्यांनी भंडारा वाहिला, हात जोडले आणि रिकाम्या घागरी घेऊन घरी गेल्या.

मित्रांनो, माझ्या पाया पडू नका. मी पुस्तक असेन नाहीतर पोथी, पण फडकं सोडा आणि मला मोठ्यानं वाचा. ऐकणाऱ्यांत एखादी बानाबाई असेल. व्रत काय, ते ती विचारेल.