उटेने आणलेली पाटी

जर्मन माणसाला चारला बोलावलं की तो चारलाच येतो, हे मी पार विसरले होते. ॲन आर्बरच्या नव्या घरातली पहिली पार्टी, मी अजून गाऊनवर, हात बेसनात, आणि दारात उटे! हायडेलबर्गला ही आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. सध्या शिकागोला मुलाकडे आलीय, तिथून खास आमच्यासाठी ट्रेनने आली. हातात पाव, मिठाची पुडी आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी चपटं.

नव्या घरी पाव-मीठ न्यायची त्यांच्याकडे रीत आहे. चपटं काय ते उघडल्यावर कळलं. पांढरीशुभ्र चिनीमातीची पाटी, आणि तिच्यावर निळ्या इंग्लिश अक्षरांत आमचं आडनाव. गजभिये.

"तुमच्या दारावर नाव नाही," ती चक्क रागावली माझ्यावर. "मी पुढे निघून गेले होते. पोस्टमनने काय करायचं?" बाईने स्क्रूसुद्धा सोबत आणले होते.

तिचं काही चूक नव्हतं. हायडेलबर्गला बेलवर आडनाव, पोस्टाच्या पेटीवर आडनाव, फोन उचलला की आधी आडनाव. रविवारच्या शांततेत खळखळ करत काचेच्या बाटल्या टाकायला गेले म्हणून उटेने मला जिन्यात झापलं, तेसुद्धा 'फ्राऊ गजभिये' म्हणून! तिथे त्या नावाला कुणी हुंगत नव्हतं. इथे अमेरिकेत सगळे हाय भावना, हाय प्रफुल्ल. आडनाव खोदून विचारतात ते फक्त आपलेच लोक. इथे येण्याआधी कॅरी नावाच्या गावी असताना तिथल्या मराठी ग्रुपमध्ये आमचं आडनाव कळलं आणि जेवणाची बोलावणी बंद झाली. कुणी वाकडं बोललं नाही हं, गोड हसून बंद झाली. तेव्हापासून आम्ही सांगणंच सोडलं. इथल्या ग्रुपला आम्ही नुसते प्रफुल्ल-भावना.

माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या आहेत. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, पदराने पुसली. "किती सुंदर गं! तुझे सासरे असते तर आत्ताच्या आत्ता ठोकली असती." डोळे भरून आले त्यांचे.

तेवढ्यात बेल वाजली आणि इथल्या मराठी ग्रुपमधली सुमेधा, तिचा नवरा, बाकीची मंडळी असा घोळका आत शिरला. प्रफुल्लने आईच्या मांडीवरून पाटी झटकन उचलली.

"नंतर लावू."

"नंतर का?" उटे स्क्रू पुढे करत इंग्लिशमध्ये म्हणाली. "दहा मिनिटांचं तर काम."

"इथल्या कॉलनीच्या नियमात बसत नाही." साफ खोटं! उटेला नियम म्हटलं की पटतं. पण मग म्हणाली, "अर्ज करू. मी मदत करते."

मला प्रफुल्लचा असा संताप आला! अरे, दाखव ना, काय व्हायचं ते होऊ दे. पण मी तरी कुठे बोलले? भजी आणायच्या निमित्ताने आत सटकले.

प्लेट घेऊन बाहेर आले, तर सुमेधा सासूबाईंच्या शेजारी बसलेली. "अय्या, पाटी आणलीय का? बघू तरी!" प्रफुल्लने ती उलटी करून छातीशी धरलेली. तो जागचा हलेना, तेव्हा ती सासूबाईंकडे वळली. "काय लिहिलंय हो मावशी त्यावर?" साध्या मनाने विचारत होती की आणखी कशाने, कुणास ठाऊक.

प्रफुल्लने आईकडे पाहिलं. आईला मुलाचा चेहरा कळतो.

"काय की बाई," सासूबाई हसून म्हणाल्या. "मला कुठं वाचता येतं?"

"अहो, इंग्लिश आमच्या सासूबाईंनाही येत नाही," सुमेधा म्हणाली.

"इंग्लिश नाही अन् मराठीपण नाही. शाळेतच नाही गेले मी."

सुमेधाने हळहळून त्यांच्या हातावर हात ठेवला. मग प्लेटमध्ये काय काय आहे ते मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगायला लागली. त्या मान डोलावत ऐकत होत्या.

शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालीय. वस्तीतल्या बायांना संध्याकाळी घरी बसवून अक्षर अक्षर गिरवून घेतलंय तिने. 'गजभिये मॅडम' म्हणून अजून लोक रस्त्यात थांबून नमस्कार करतात. आणि आमच्या मानासाठी ती इथे सोफ्यावर अडाणी होऊन बसली होती.

प्रफुल्लची मान खाली. आता मीच बोलायचं, ठरलं माझं. मी घसा खाकरला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंनीसुद्धा.

"चटणी हवीय का कुणाला?" मी विचारलं.