फुटला म्हणून सांगितलेला दगड

मी एक जुना कुंदीचा दगड आहे. कोरियातल्या नाजू गावाजवळच्या एका पाथरवटाने मला करड्या खडकातून घडवले आणि माझी पाठ आरशासारखी गुळगुळीत केली. मित्रांनो, घरोघरी इस्त्री नव्हती तेव्हाची ही गोष्ट. धुतलेल्या कपड्याला भाताची खळ द्यायची, तो ओलसर असतानाच घडी करून माझ्यावर ठेवायचा आणि दोघींनी समोरासमोर बसून लाकडी मोगऱ्यांनी कुटायचा; यालाच कुंदी म्हणत. तासाभरात कापडाला चमक येई.

माझ्या घरी नवी सून ओकबुन आणि तिची नणंद माल्सुन कुंदीला बसत. दोघींच्या हातांत मिळून चार मोगऱ्या, पण एकीची दुसरीला कधी लागली नाही. सासूबाई आतून ऐकत असत.

"माल्सुनचा हात बघा कसा हलका आहे. सूनबाई, तू काय धोंडा फोडायला बसलीयस?"

ओकबुन खाली मान घालून हसत असे. त्यानंतर तिची मोगरी माझ्यावर जरा जोरात पडे, ते फक्त मला कळे.

"हा दगड माल्सुनचा. तिचं बिऱ्हाड थाटलं की नेईल ती," असे सासूबाई सगळ्यांदेखत म्हणत.

माल्सुन लग्न होऊन गेली. पुढे सासूबाई वारल्या. काही वर्षांनी माल्सुनचा नवराही गेला आणि दोन लहान मुली घेऊन ती शहरात बाजारामागच्या खोलीत राहू लागली. एक शिंपीण तिला कुंदीचे काम द्यायला तयार होती. उद्या दगड न्यायला येते, असा माल्सुनने ओकबुनला निरोप धाडला.

त्याच दुपारी ओकबुनने मला एकटीने माळ्यावर चढवले. एकेका पायरीवर टेकत, धापा टाकत. वर नेऊन तिने मला जुन्या रजयांखाली झाकले.

दुसऱ्या दिवशी खालून आवाज आले.

"वहिनी, दगड न्यायला आलेय."

"तो फुटला हो, वन्सं. गेल्या थंडीत दोन तुकडे झाले. टाकून दिला."

"आईचा दगड फुटला?"

"वस्तूच ती. फुटायचीच."

मग माल्सुनने उसनी आणलेली हातगाडी रिकामीच खडखडत गेली.

मी पन्नासहून अधिक वर्षे माळ्यावर पडून होतो. ओकबुनलाही माझा उपयोग झाला नाही, कारण कुंदीचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू गेला असता. ती शेजारणीच्या दगडावर कपडे कुटायला जाई आणि तिथेही "आमचा फुटला" असेच सांगे.

यंदा तिचा मुलगा सुंगदे तिला शहरात न्यायला आला. माळा रिकामा करायचा होता. जुन्या वस्तूंची किंमत ठरवणारा एक व्यापारीही आला.

"आई, आत्यालाही बोलावलंय. आजीचं काही असलं तर तिलाही नेऊ दे," सुंगदे म्हणाला.

"आज नको. माळ्यावर काहीसुद्धा नाही," ओकबुन घाईने म्हणाली. पण व्यापारी केव्हाच वर चढला होता.

पितळी कोपऱ्यांच्या पेटीचे त्याने पाच लाख वॉन सांगितले. रजया उंदरांनी खाल्ल्या होत्या. मग त्याने आणि सुंगदेने मला खाली उतरवले. माल्सुन तेवढ्यातच दारातून आत आली होती.

व्यापाऱ्याने माझ्यावरून हात फिरवला. "एक टवका उडालेला नाही. पण हल्ली कुंदी कोण करतंय? लोक बागेत मांडायला नेतात. चाळीस हजार देईन."

"आत्या, तुला हवा तर तूच ने," सुंगदे म्हणाला.

माल्सुन वहिनीकडे पाहत होती. "मी रस्त्याच्या फरशीवर कुटत होते, वहिनी. कापडाला खडे लागायचे, शिंपीण मजुरी कापायची. थोरलीला शाळेतून काढलं मी त्या वर्षी."

ओकबुन माझ्याकडे पाहत म्हणाली, "सासूबाई मरेपर्यंत तुमचंच कौतुक करत होत्या. वाटलं, त्यांच्या मनासारखी एवढी एक तरी गोष्ट होऊ नये. मग कितीदा द्यावासा वाटला, वन्सं. पण फुटला म्हणून सांगितलेला दगड आणायचा कुठून?"

"दर सणाला येत होते मी. याच माळ्याखाली बसवून वाढत होतात मला."

एवढेच बोलून माल्सुन बस पकडायला निघाली. तिने मला नेले नाही.

ओकबुनने व्यापाऱ्यालाही नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी मायलेक मला गाडीत घालून माल्सुनच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी गेले. दार उघडले नाही. "ठेवा तिथेच," असा आतून आवाज आला. ओकबुन दारासमोर पुष्कळ वेळ उभी राहिली. शेवटी सुंगदेने तिला हात धरून खाली नेले.

संध्याकाळी माल्सुनची थोरली लेक मीरान आली. आता तिचेही केस पिकले आहेत.

"आई, हा दगड कुणाचा?"

"माझा."

"मग आत घेऊ?"

"नको. असू दे तिथंच."

मी अजून दाराबाहेरच आहे. मित्रांनो, घरचा माळा आवराल तेव्हा वस्तूची किंमत जरूर विचारा. पण तिच्यावाचून कुणाचे अडले होते का, तेही विचारा. ज्याची वस्तू त्याला ती वेळेवर द्या. उशीर झाला, की तिला घरात घ्यायलाही माणसाचा हात पुढे होत नाही.