गिनीची नऊ अंडी

माहीनने तांबड्या कोंबडीला दोन्ही हातांनी धरून पुन्हा टोपलीत बसवलं. कोंबडी क्षणभर बसली, उठली, आणि पाच पिल्लं मागे घेऊन मोरीकडे चालू लागली. ही चौथी वेळ.

"बस ना गं बाई!" माहीन रडकुंडीला आली. टोपलीत पेंढ्यावर नऊ अंडी उघडी पडली होती. लहान, टोकदार, मातकट रंगाची. गिनी कोंबडीची.

तिची सासू, अमिरुन्निसा, पडवीत सुकट निवडत बसली होती.

"एकवीस दिवस भरले, तिची पिल्लं निघाली. आता ती कशाला बसते?" सुपावरून मान वर न करताच ती म्हणाली.

लग्न होऊन आठ महिने झाले होते. नवरा फैझान दोह्याला, आणि रेवदंड्याच्या या घरात सासू-सून दोघीच. घर अमिरुन्निसाचं, सुपारीची वाडी तिची, कोंबड्याही तिच्याच. माहीनने चहाचा डबा फळीवर डावीकडे ठेवला की संध्याकाळपर्यंत तो उजवीकडे गेलेला असायचा. गेल्या पावसात वाडीतल्या सापाने पिल्लं खाल्ली, तेव्हा माहीन म्हणाली होती, गिनी पाळूया, साप दिसला की ती आख्खी आळी उठवते. सासूने नाक मुरडलं. तरी माहीन एसटीने श्रीवर्धनला गेली, चंदर नावाच्या वाडीवाल्याकडून अंडी मागून घेतली आणि भुशाच्या डब्यात घालून मांडीवर सांभाळत घेऊन आली. या घरात तिची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

तिने चंदरला फोन लावला.

"दोन्ही अंडी एकाच दिवशी कोंबडीखाली मांडलीत?" तो एवढ्यानं ओरडला की पडवीतही ऐकू गेलं. "अहो ताई, गिनीला सव्वीस-सत्तावीस दिवस लागतात! आधी गिनीची मांडायची, आठवड्याने कोंबडीची. मग सगळी एकदम फुटतात. आता दुसरी खुडूक, अंड्यांवर बसायला तयार असलेली कोंबडी बघा, लगेच."

हे अंडी देतानाच सांगितलं असतं तर त्याची जीभ झिजली असती का! पण माहीननेही कुठे विचारलं होतं? अंडं ते अंडं, असंच तिला वाटलं होतं.

खुडूक कोंबडी आळीत एकच होती, दगडी गडग्यापलीकडच्या शेजारणीची, मैनाची. पण तिचं नाव या घरात निघत नसे. दोन वर्षांपूर्वी मैनाच्या कुत्र्याने अमिरुन्निसाचा कोंबडा मारला. तेव्हापासून दोघी एकमेकींना पाहून मान फिरवत, आणि माहीनलाही तिकडे पाय ठेवायची सक्त मनाई होती.

"अम्मी, मैनाकाकींकडे..."

"तिचं नाव काढू नकोस."

माहीनने अंडी टॉवेलात गुंडाळली, गरम पाण्याची पिशवी भरायला आत गेली. आधण यायला वेळ लागला. पिशवी घेऊन बाहेर आली तर टोपली रिकामी. टॉवेल नाही, अंडी नाहीत, पडवीत सासूही नाही. सुकटीचं सूप तसंच पडलेलं आणि त्यावर कावळा बसलेला.

टाकली. उकिरड्यावर नेऊन टाकली असणार! माहीनला एवढा संताप आला की ती चप्पल न घालताच मागे धावली. उकिरड्यावर नुसती माशांची खवलं आणि राख. तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आले.

"दोन वर्षांत तोंड दाखवलं न्हाईस, आणि आज अंडी घेऊन आलीस व्हय?"

"कुत्र्याचं भांडण नंतर कर. आधी तुझी कोंबडी धर, मला टोचते."

माहीन गडग्याच्या खिंडीतून आत शिरली. मैनाच्या पडवीत एका खोक्यात काळी कोंबडी पिसं फुलवून बसली होती. खुडूकपणा जावा म्हणून मैना तिला रोज पाण्यात बुचकळत होती, तरी बया हटली नव्हती. अमिरुन्निसा पदर खोचून जमिनीवर बसलेली, आणि एकेक अंडं कोंबडीच्या पोटाखाली सारत होती. मनगटावर टोचल्याच्या तीन लाल खुणा उमटल्या होत्या.

नववं अंडं आत गेलं. कोंबडीने अंग हलवलं, अंडी पोटाखाली ओढून घेतली आणि बसली.

माहीन दारातच थांबली. ओरडायचं म्हणून आली होती, ते राहूनच गेलं. तिचे डोळे भरून आले.

"न्हाय फुटली तर?" मैनाने विचारलं.

"तर पुढच्या वेळी आठवडाभर आधी मांडू. माणूस चुकूनच शिकतं," अमिरुन्निसा म्हणाली.

"आणि फुटली तर दोन माझी. कोंबडी माझी हाय, पाच-सहा दिवस दाणापाणी मीच करणार."

माहीनने सासूकडे पाहिलं. या आळीत कुणी अमिरुन्निसाकडे वाटा मागितला आणि सहज मिळाला, असं कधी घडलं नव्हतं.

अमिरुन्निसाने मनगट चोळलं. "मला काय विचारतेस? पाखरं हिची. हिलाच विचार."

दोघी माहीनकडे बघू लागल्या.

"तीन घ्या, मैनाकाकी," माहीन म्हणाली.

"अगं, दोनच मागितली तिने!"

"तीन," माहीन पुन्हा म्हणाली.

अमिरुन्निसा मैनाकडे वळली.

"ऐकलंस ना? तीन."