साडेतीनशे पेसोंत मिळेल तो चाकू

चोर किती होते

चोर एक होता. उसातून बाहेर आला, सेपाच्या डोक्यावरची टोपली हिसकावली आणि परत उसात शिरला. टोपलीत सुमान होते, केळीच्या पानात बांधून शिजवलेला चिकट गोड भात. ऐंशी नग, अजून वाफ येत होती.

सेपाने शेजारणीला सांगितलं. शेजारणीने लगुनातल्या आपल्या बहिणीला फोन केला, तेव्हा चोर दोन झाले. बहिणीने तिथेच राहणाऱ्या सेपाच्या मुलाला, दोमेंगला, गाठून सांगितलं तेव्हा तीन झाले, आणि एकाच्या हातात कोयताही आला.

संध्याकाळी दोमेंगचा आईला फोन. "इनाय, आता बास. रविवारी ट्रक घेऊन येतो. खाट, कोंबड्या, सांतो निन्योची मूर्ती, सगळं भरायचं आणि माझ्याकडे राहायचं."

"आणि सुमान?"

"सुमान गेले खड्ड्यात!"

सेपाने फोन ठेवला. वय एकसष्ट. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, सून गुणाची, नळाला चोवीस तास पाणी. तिथे जाऊन पहाटे उठायचं, पण तांदूळ भिजवायचे नाहीत, कुणाची हाक ऐकायची नाही, आणि खिडकीत बसून दुसऱ्यांचे कपडे वाळताना बघायचे. 

बुधवारी सकाळी तिने रोजच्यासारखी टोपली भरली, पण बाजाराचा रस्ता सोडून बालिसोंगवाल्यांच्या, म्हणजे दोन मुठींत मिटणारे चाकू घडवणाऱ्यांच्या, वस्तीची वाट धरली.


सहाला का गेली

म्हाताऱ्या उस्तिंग मामायच्या चाकूंच्या दुकानाची फळी अजून अर्धी खाली होती. सेपा पायरीवर बसून राहिली. दुसरं कुणी आधी शिरू नये म्हणून.

"काय गं सेपा, एवढ्या सकाळी? चोराचं ऐकलं मी."

"चाकू हवाय, मामाय. साडेतीनशेपर्यंत."

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "अला ए! भवानीच्या वेळेला साडेतीनशे!"

भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं तर दिवस बुडाला, हे इथे बातांगासात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सेपाला तर चाळीस वर्षं ठाऊक होतं, कारण बाजारात तीच दर सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाची मनधरणी करायची. आज ती पायरीच्या दुसऱ्या बाजूला होती, आणि तिला ते फार आवडत होतं.


पहिला: शिंगाच्या मुठीचा

काळंभोर रेड्याचं शिंग, पितळेच्या पट्ट्या. दोन मुठी, त्यांच्या मधे पातं झोपलेलं.

"बाराशे."

"छान आहे. झाकून ठेवा."


दुसरा: पर्यटकांचा

मुठीवर गावाचं नाव कोरलेलं, वर एक माडही. दोनशे ऐंशी.

सेपाचा हात पुढे गेला. मामायने तो चाकू उचलून तिच्या कानाशी धरला आणि हलवला. खुळखुळ, खुळखुळ.

"ऐकलंस? खिळे ढिले. कपाटात ठेवायला केलाय, हातात धरायला नाही. माड बघू नकोस, खिळे बघ."

"मग तुम्ही विकता कशाला?"

"लोक माड मागतात."


तिसरा: ओबडधोबड

साधं लाकूड, पॉलिश नाही. पातं जुन्या जीपनी गाडीच्या पाट्याचं. हलवला तर गप्प. पाचशे.

"हा," सेपा म्हणाली. "साडेतीनशे."

"चारशे ऐंशी."

सेपा टोपली उचलून उभी राहिली. पायरीवरून एक पाय खाली टाकला. दुसरा हवेतच ठेवला.

"थांब, थांब! भवानीला असं करतात होय?" मामाय घामाघूम. "बरं, साडेतीनशे. पण तीनदा उघडून दाखव. न पाडता. ज्याला उघडता येत नाही त्याला मी विकत नाही, ही माझ्या बापाची अट आहे."


सगळ्यांना वाटतं

की बातांगासचं माणूस बालिसोंग हातात घेऊनच जन्माला येतं. मनिलात बातांगासच्या बोलीचा हेल ऐकला की लोक दोन पावलं मागे सरतात. सेपाचा बाप एका हाताने चाकू नाचवत दुसऱ्या हाताने कॉफी पीत असे. नवरा तसाच. घरात नेहमी कुणीतरी होतंच उघडणारं, म्हणून सेपाने तो कधी हातात धरलाच नव्हता. आणि हे एकसष्टाव्या वर्षी, या वस्तीत, या माणसाला सांगायचं म्हणजे काशी झाली असती.

तेव्हा ती म्हणाली, "द्या इकडे."


एकदा

मुठीची कडी काढली, मनगट झटकलं. चाकू कोंबड्यांच्या डालग्याखाली गेला.

दोनदा

बोटांच्या पेरांवर टणत्कार. "आई गं!"

"कडीची मूठ धरलीस," मामाय शांतपणे म्हणाला. "कडीची मूठ चावते. दुसरी धरायची."

"माहीत आहे मला."

"दिसतंय."

तीनदा

टणत्कार. तीच पेरं. चावणारी मूठ तीच. पण रक्त नाही. सेपाने पातं नीट पाहिलं, धार नव्हतीच. तिची फजिती आधीच ओळखून म्हाताऱ्याने त्या चाकूचा बोथट जोडीदार हातात दिला होता. सेपाला त्याचा राग आला आणि लगेच गेला.


"तुझा हा उघडेपर्यंत," मामाय म्हणाला, "चोर सुमान खाऊन, हात धुऊन, देवाची प्रार्थना करून जाईल."

"चोरासाठी नाहीच हा."

"मग?"

"दोमेंगसाठी. रविवारी ट्रक आणतोय. त्याला दाखवायचा. म्हणजे म्हणेल, आईकडे आहे काहीतरी."

मामाय उठला. जाऊन कॉफीचं भांडं आणलं.

तेवढ्यात गावराखणीचा कुलास दंडुका टेकत आला. कॉफीचा वास त्याला नेहमीच कर्तव्यावर बोलावतो. सेपाच्या हातात चाकू बघून त्याचे डोळे विस्फारले.

"नानाय, हे घेऊन रस्त्यावर जायचं नाही हां. कायदा आहे. मला पकडावं लागेल तुम्हाला."

"पकड ना. पन्नास किलो आहे मी, उचल."

"मस्करी नाही. धारदार वस्तू पोटापाण्याच्या धंद्याला लागत असेल तरच चालते. नारळवाला, खाटीक, कोळी. तुम्हाला कशाला लागते?"

सेपाने टोपलीतून दोन सुमान काढले. मामायने आता धारेचा खरा चाकू तिच्यासमोर ठेवला. तिने दोन्ही हातांनी, चष्मा उघडावा तसा, सावकाश उघडला. एक गाठ कापली, दुसरी कापली, केळीचं पान बाजूला केलं, भाताचे सारखे चार तुकडे केले.

"याला लागते," ती म्हणाली. "आधी गाठ दातांनी सोडायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं."

कुलासने एक तुकडा तोंडात टाकला आणि कायद्यावर बराच वेळ विचार केला.

"याला चालेल," तो म्हणाला आणि दुसरा घेतला.

मामायने साडेतीनशेच्या नोटा घेतल्या, फळीवरच्या प्रत्येक चाकूवर टपटप आपटल्या, भवानी लाभावी म्हणून. बापाच्या अटीबद्दल कुणी विचारलं नाही.


रविवार

दोमेंग ट्रक घेऊन आला. आईच्या हातातला चाकू बघून त्याने तोंड वाकडं केलं. "हे काय? इनाय, तुला उघडता येतो?"

"तुला येतो?"

बातांगासचा मुलगा. झटकन कडी काढली, मनगट फिरवलं, आणि लगेच अंगठा तोंडात घालून अंगणात नाचू लागला. ट्रकचा ड्रायव्हर दुसरीकडे बघत राहिला.

सेपाने त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधली. बांधता बांधता म्हणाली, "एकच चोर होता रे. कोयता नव्हता."

"एक असला म्हणून काय झालं? तुला भीती वाटत नाही?"

खोटं बोलायचं असं तिने चार दिवस ठरवलं होतं.

"वाटते. उसाजवळून जाताना जोरात गाणं म्हणते. परवापासून बाजारातली चिंग आणि तिची बहीण माझ्याबरोबर निघतात, त्यांनाही वाटते. पण तुझ्या तिसऱ्या मजल्याची मला त्याहून जास्त भीती वाटते. तिथे गाणं म्हटलं तर खालचे लोक काठीने छत ठोकतील."

दोमेंगने पट्टी दाबून बसवली. मग उठला आणि अंगणातली खाट, जी त्याने येताच बाहेर काढली होती, ती उचलून परत आत नेली. दारात अडकली. तिरकी करून नेली.

"रोज पोचलीस की फोन करायचा," आतून आवाज आला. "रोज. एकही दिवस चुकला तर मी येईन."

"करीन."

"आणि पुढच्या महिन्यात मी बघायला येणारच आहे."

"ये की," सेपा म्हणाली, आणि ड्रायव्हरच्या हातात सहा सुमान ठेवले. "फक्त ट्रक आणू नकोस. बसने ये, ती दारापर्यंत सोडते."